सीसीतून मशीन, उसनं मार्जिन आणि साडूचा अर्धा हिस्सा: या चुका टाळा

वाळूजला वीस वर्षं पत्रा दाबून पार्ट काढायचं प्रेस शॉप चालवतोय. नवी पोरं येतात, फाईल पुढे सरकवतात, "काका, अजून किती कर्ज बसेल?" हप्ता कशातून जाईल हे कुणी विचारत नाही.

सगळ्यात महागात पडलेली चूक माझीच. 2012 साली एका गिऱ्हाइकाने नवा पार्ट दिला. टर्म लोनला, म्हणजे मशीनसाठीच्या मुदत कर्जाला, दोन महिने लागणार होते, मला दम निघेना. सीसीचं, म्हणजे खेळत्या भांडवलासाठीच्या बँकेच्या कॅश क्रेडिट खात्याचं, लिमिट 25 लाख, त्यातले 9 लाख मोकळे दिसत होते. उचलले आणि जुना 100 टनी प्रेस आणला. आता सीसीचा पैसा पत्र्यात जातो, पत्र्याचा माल होतो, बिल वसूल झालं की खात्यात परत येतो. प्रेसमध्ये गेलेला पैसा पाच-सहा वर्षं हलत नाही. त्यात ड्रॉइंग पॉवर, म्हणजे सीसीतून प्रत्यक्ष किती उचलता येईल तो आकडा, निघते स्टॉक आणि गिऱ्हाइकांकडच्या येण्यावर. प्रेस त्यात धरत नाहीत. दिवाळीनंतर गिऱ्हाइकाने पेमेंट लांबवलं, 90 दिवसांपुढची बिलं बँकेने काढून टाकली, ड्रॉइंग पॉवर खाली आली. ऑर्डर हातात, प्रेस शेडमध्ये आणि पत्रा आणायला दमडी नाही! पाच महिने सावकाराचे पैसे वापरले, शेकडा तीन रुपये महिन्याने. शेवटी बँकेने अडकलेल्या रकमेचं वेगळं मुदत कर्ज करून दिलं, तेव्हा कुठे झोप लागली.

तेव्हापासून मशीनला टर्म लोन आणि चौथाई पैसा घरचा. चौथाई जमली नाही तर काम बाहेरून जॉबवर करून घेतो. चार रुपये कमी सुटतात, सुटू देत.

मार्जिन मनीसाठी, म्हणजे कर्जासोबत घालायच्या घरच्या पैशासाठी, सोनं गहाण टाकून तेच 'भांडवल' दाखवणारे महाभाग आहेत. ताळेबंद गोंडस दिसतो, हप्ते मात्र दोन.

दुसरी लाडकी चूक म्हणजे भागीदाराचा पैसा बिनव्याजी, म्हणून स्वस्त समजणं. बँक व्याज घेऊन एक दिवस निघून जाते, भागीदार जन्मभर नफ्यात बसतो. जालन्याच्या एका ओळखीच्याने साडूकडून 6 लाख घेतले आणि तोंडी अर्धा हिस्सा कबूल केला. साडू शेडमध्ये वर्षातून एकदा, दसऱ्याच्या पूजेला. धंदा वाढल्यावर त्याने अर्धा मागितला. आता लग्नकार्यातही बोलत नाहीत. माझ्या भागीदारी करारात हिस्सा, पैसे काढून घ्यायची मुदत आणि भांडवलावरचं व्याज, तिन्ही लिहिलेलं आहे. 12 टक्क्यांपर्यंतचं ते व्याज करारात असेल तर फर्मला आयकरात खर्च म्हणून मिळतं. नातं जवळचं असेल तर स्टॅम्प पेपर आधी आणा.

मोरेटोरियम, म्हणजे काही महिने हप्ता न भरायची सवलत, ही व्याजमाफी नव्हे. व्याजाचं मीटर चालूच असतं.

आणि पीएमईजीपीचं, म्हणजे पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाचं, अनुदान खेळतं भांडवल म्हणून मोजू नका. ते तीन वर्षं बँकेत ठेव म्हणून अडकलेलं असतं, त्यातून पत्र्याची गाडी येत नाही.