गिटार वाजवत गाणाऱ्यांनो, स्टेजवर जाण्याआधी या चुका टाळा

सोसायटीचा गणपती असो, कॉलेजचं गॅदरिंग असो किंवा पुण्या-मुंबईतला ओपन माइक, गिटार घेऊन गाणाऱ्याची जी गडबड लोकांसमोर होते, तिची सुरुवात बहुतेक वेळा घरच्या रियाजातच झालेली असते. घरी आपण बसून, मान खाली घालून, अर्ध्या आवाजात गातो आणि चुकलं की थांबतो. स्टेजवर यातलं काहीच चालत नाही. म्हणून खाली ज्या चुका सांगतोय, त्या सगळ्या घरीच दुरुस्त करण्यासारख्या आहेत.

उजवा हात तयार नसताना गायला लागणं

सगळ्यात मोठी चूक हीच, आणि सगळ्यात जास्त वेळही इथेच द्यावा लागतो. गाणं येतं, कॉर्ड येतात, पण दोन्ही एकत्र केलं की हात शब्दांच्या मागे धावू लागतो. शब्द लांबला की स्ट्रोक लांबतो, शब्द संपला की हात थबकतो. गाता गाता वाजवणं हे वेगळं कौशल्य आहे. चांगला गायक आणि चांगला वादक एकाच माणसात असले तरी ते आपोआप येत नाही.

हात तयार आहे का, हे ओळखायची सोपी परीक्षा आहे. स्ट्रमिंग चालू ठेवून घरातल्या कुणाशी तरी बोला. ‘भाजी कुठली करू?’ याचं उत्तर देताना लय हलली, तर हात अजून तुमच्या लक्षावर चाललाय, सवयीवर नाही. अशा वेळी गाणं बाजूला ठेवा. डाव्या हाताने तारा नुसत्या हलक्या झाकून ‘चक-चक’ आवाजात पॅटर्न चालू ठेवा आणि त्यावर शब्द सुराशिवाय, बोलल्यासारखे म्हणा. ते बसलं की एकच कॉर्ड धरून गुणगुणा. कॉर्डची अदलाबदल सगळ्यात शेवटी आणा. मेट्रोनोम, म्हणजे ठरलेल्या लयीत टिकटिक करणारं यंत्र, नेहमीच्या लयीपेक्षा बराच सावकाश ठेवा. कंटाळवाणं वाटेल, पण यापेक्षा जवळचा रस्ता मला तरी माहीत नाही.

प्रत्येक गाण्याला एकच पॅटर्न

‘डाउन-डाउन-अप-अप-डाउन-अप’ हा पॅटर्न इंटरनेटवरच्या धड्यांमध्ये पावलोपावली भेटतो. आठ मात्रांच्या केरव्यात तो चपखल बसतो. पण आपली कितीतरी भावगीतं आणि जुनी चित्रपटगीतं दादऱ्यात आहेत, म्हणजे सहा मात्रांत. त्यावर हा पॅटर्न लादला की दोन ओळींतच गाणारा आणि गिटार वेगवेगळ्या गावी निघतात. मग माणूस म्हणतो, ‘मला एकत्र जमत नाही.’ खरं तर तालच चुकीचा धरलेला असतो.

दादऱ्यासाठी आधी तोंडाने ‘धा धी ना, धा ती ना’ म्हणा. पहिल्या मात्रेला खालच्या सुराची जाड तार आणि पुढच्या दोन मात्रांना बारीक तारांवर हलके स्ट्रोक. चौथ्या मात्रेला पुन्हा जाड तार, पण तिथे तालाची ‘खाली’, म्हणजे टाळी नसलेली मात्रा, असल्याने जरा नाजूक. एवढ्यावर अख्खं गाणं निभावतं.

याच्याच जोडीची चूक कॉर्ड बदलण्याची. बऱ्याच मुखड्यांचे पहिले एक-दोन शब्द समेच्या, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेच्या, आधी येतात. कॉर्ड त्या शब्दांवर नाही, समेवर पडायला हवी. वहीत कॉर्ड अंदाजे ओळीच्या वर लिहू नका. ज्या अक्षरावर ती बदलते, नेमकं त्या अक्षराच्या डोक्यावर लिहा. आणि सुरावटीतल्या प्रत्येक हरकतीमागे कॉर्ड बदलायची गरज नसते. गळा फिरत असताना गिटारने एका जागी थांबावं, ते कानाला जास्त गोड लागतं.

मूळ पट्टीचा हट्ट

ज्या गायकाचं गाणं आवडतं, त्याच्याच पट्टीत गायचं, हा हट्ट अंतऱ्यात महागात पडतो. घरी अर्ध्या आवाजात लागलेला वरचा सूर हॉलमध्ये मोकळ्या आवाजात लागेलच असं नाही. म्हणून पट्टी ठरवताना उभं राहा, दोन-तीन गाणी आधी म्हणून घ्या आणि मग अंतऱ्यातली सगळ्यात उंच जागा पूर्ण आवाजात घ्या. तिथे मान ताणली जात असेल, तर पट्टी उतरवा. ऐकणाऱ्यांना मूळ पट्टी आठवत नसते. किंचाळलेला सूर मात्र आठवतो.

इथे कॅपोचा एक गैरसमज आहे. कॅपो, म्हणजे गिटारच्या मानेवर तारा दाबून धरणारा चिमटा, पट्टी चढवतो, उतरवत नाही. उतरवायची असेल तर आधी कॉर्डचे शेप, म्हणजे बोटांची मांडणी, बदलायचे आणि मग कॅपो लावायचा. समजा, गाणं डीच्या शेपमध्ये, म्हणजे पांढरी दोनमध्ये बसवलंय आणि काळी एक हवी आहे. मग सीचे शेप घ्या आणि कॅपो पहिल्या फ्रेटवर लावा. काळी चारमध्ये गाणाऱ्या मुलींसाठी जीचे शेप आणि पहिला फ्रेट, काळी पाचसाठी जीचेच शेप आणि तिसरा फ्रेट. हा हिशेब अर्थात गाण्याचा सा शेपच्या मुख्य कॉर्डवर असतानाचा. पेटीवाल्याशी बोलताना ‘कॅपो तिसऱ्यावर’ सांगून उपयोग नसतो, पट्टी सांगता आली पाहिजे.

साथीला पेटी असेल तर आणखी एक काळजी घ्या. पेटीचा सूर प्रत्येक वेळी ४४० हर्ट्झला जुळलेला असेल असं नाही आणि तो ऐनवेळी बदलता येत नाही. ट्यूनर हिरवा दिवा दाखवतोय म्हणून अडून बसू नका. बऱ्याच क्लिप ट्यूनरमध्ये ४४० वर-खाली करता येतं, तसं करून गिटार पेटीला मिळवा.

फ्रेटबोर्डकडे बघत गाणं

मान खाली गेली की तोंड माइकपासून सुटतं आणि नेमका कॉर्ड बदलताना आवाज गायब होतो. साउंडवाल्याला वाटतं माइक कमी आहे, तो वाढवतो, आणि मग स्पीकरमधून शिट्टी सुरू होते. घरीच उभं राहून, पट्टा लावून आणि समोर भिंतीवरच्या एखाद्या खुणेकडे बघत सराव करा. पट्टा इतकाच ठेवा की बसल्यावर गिटार जिथे असते, उभं राहिल्यावरही तिथेच राहील. गळ्यातून मांड्यांपर्यंत लोंबणारी गिटार छायाचित्रात छान दिसते, पण मनगट वाकडं होतं आणि बारे कॉर्ड, म्हणजे एका बोटाने सगळ्या तारा दाबायचे कॉर्ड, निसटतात.

माइकसाठी आडवा दांडा असलेला स्टँड मागा. सरळ स्टँड गिटारला आपटतो आणि आपण नकळत मागे सरकतो.

साउंडचेक ‘हॅलो, हॅलो’वर उरकणं

साउंडचेकला गाण्यातला सगळ्यात मोठ्या आवाजाचा भाग म्हणून दाखवा आणि सोबत पूर्ण स्ट्रमिंग करा. ‘माइक टेस्टिंग’ बोलून मिळालेली लेव्हल गाताना कामाची नसते.

शिट्टीचं मूळ बहुतेक वेळा गिटारच्या पोकळीत असतं. स्पीकरचा आवाज पोकळीत शिरतो, लाकूड थरथरतं, गिटारमधला आवाज पकडणारा पिकअप ते पुन्हा स्पीकरला देतो. साउंडहोल झाकायचं रबरी झाकण मिळतं, त्याने बराच फरक पडतो. मॉनिटर, म्हणजे गाणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकवणारा स्पीकर, कुठे आहे तेही बघा. ‘एसएम ५८’सारखा कार्डिऑइड माइक मागच्या बाजूने सगळ्यात कमी ऐकतो, म्हणून मॉनिटर माइकच्या बरोबर मागे हवा. दोन-तीन पावलं बाजूला सरकण्यानेही प्रश्न सुटतो. गिटारच्या प्रीअँपवर, म्हणजे पिकअपचा आवाज वाढवणाऱ्या भागावर, फेजचं बटण असेल तर तेही दाबून बघा.

लांब केबलने गिटार थेट मिक्सरला जोडली की आवाज कधी कधी पातळ आणि पत्र्यासारखा येतो. साउंडवाल्याकडे ‘डीआय बॉक्स’, म्हणजे गिटारचा सिग्नल मिक्सरला जुळवून देणारी डबी, मागा, बहुतेकांकडे असतो. आणि केबल लावताना-काढताना ‘चॅनल खाली घ्या’ सांगा, म्हणजे सगळ्या हॉलला तो ‘ठॉक’ ऐकावा लागणार नाही. बऱ्याच गिटारमध्ये केबल जॅकमध्ये लावली की प्रीअँप चालू होतो, त्यामुळे ती तशीच लावून ठेवली तर नऊ व्होल्टची बॅटरी विनाकारण उतरत राहते. जास्तीची बॅटरी पिशवीत ठेवाच.

एका बाबतीत मात्र जराही तडजोड नको. मंडपातल्या तात्पुरत्या वायरिंगमध्ये अर्थिंग नीट नसेल, तर तारांवर हात आणि ओठ माइकला लागल्यावर झटका बसू शकतो. हाताला नुसती झिणझिणी जाणवली तरी गिटार खाली ठेवा, साउंडवाल्याला सांगा आणि ते दुरुस्त होईपर्यंत गाऊ नका. माइकवर फोमची टोपी चढवणं हा त्यावरचा उपाय नाही.

नव्या तारा, त्याच दिवशी

कार्यक्रमाच्या दिवशी तारा बदलल्या की त्या ताणत राहतात आणि सूर उतरत जातो. दोन-तीन दिवस आधी बदला आणि त्यावर भरपूर वाजवा. पावसाळ्यात, विशेषतः कोकणपट्टीत, लाकूड दमट हवेने फुगतं, तारा फ्रेटपासून वर उचलल्यासारख्या होतात. अशी गिटार एसी हॉलमध्ये किंवा तापलेल्या दिव्यांखाली नेली की सूर पुन्हा हलतो. थोडी आधी पोहोचा, गिटार तिथल्या हवेत राहू द्या आणि मगच मिळवा. कॅपो लावल्यावर पुन्हा तपासा, कारण तो तारा किंचित चढवतो. तो फ्रेटच्या अगदी मागे चिकटून लावलात तर कमी चढवतो.

भीती, घाई आणि माफी

छातीत धडधड वाढली की आपल्याला योग्य वाटणारी लयही वाढते. सुरू करण्याआधी मुखड्याची एक ओळ मनात पूर्ण म्हणा आणि मग हात चालवा. पहिलं गाणं साध्या स्ट्रमिंगचं ठेवा, कारण थरथरत्या बोटांनी एकेक तार छेडणं फार अवघड जातं. ‘घसा बसलाय, सांभाळून घ्या’ असं आधीच सांगू नका. लोक गाणं ऐकायला आलेले असतात, ते सांगितल्यावर मात्र घसा ऐकू लागतात.

शब्द विसरले तर हात थांबवायचा नाही. गिटार चालू राहिली तर ऐकणाऱ्याला तो म्युझिकचा तुकडा वाटतो, आणि मुखड्यावर परत यायला तुम्हाला चार आवर्तनं मिळतात. पण हे आयत्या वेळी सुचत नाही, सराव लागतो. आठवड्यातून एकदा घरच्यांसमोर उभं राहून सगळी गाणी ओळीने म्हणा, चुकलं तरी न थांबता. फोनवर शब्द ठेवले असतील तर फ्लाइट मोड लावा, स्क्रीन आपोआप बंद होणार नाही हे बघा आणि प्रत्येक कडव्याचा फक्त पहिला शब्द मोठ्या अक्षरात लिहा. अख्खं गाणं समोर असलं की डोळे तिथेच चिकटून राहतात.

हे सगळं रेकॉर्ड करा, पण त्याच रात्री ऐकू नका. दुसऱ्या दिवशी तीनदा ऐका. एकदा फक्त उजवा हात, एकदा फक्त सूर आणि शेवटी फक्त शब्द. जिथे लय धावली, त्या ओळीपाशी वहीत पेन्सिलने खूण करा आणि पुढचा रियाज त्या ओळीपासून सुरू करा.