डाळिंबाखाली पडलेलं फळ आजच उचला

मृगात फुललेल्या डाळिंबावर आता सुपारीपासून लिंबाएवढी फळं धरली आहेत. अंगणात, परसात, बांधावर एखादं झाड असेल तर आधी त्याच्या बुडाशी जाऊन वाकून बघा. भोक पडलेली, काळवंडलेली फळं दिसतील. ती उचला. खतपाण्याचं नंतर बघू.

इतक्या वर्षांत घरची डाळिंबं खत कमी पडलं म्हणून वाया गेलेली मी फारशी पाहिली नाहीत. ती जातात झाडाखाली तशीच राहिलेल्या फळांमुळे. गेल्या पावसाळ्यात एका घरी झाडावर वीसेक टपोरी फळं होती आणि खाली सात-आठ पडलेली. "ती काय, आपोआप कुजतील," असं म्हणून कुणी हात लावला नव्हता. एक उचललं. भोकाच्या तोंडाशी ओली विष्ठा, तिच्यावर मुंग्या. फोडलं तर दाण्यांचा काळा चिखल, आंबूस घाण वास आणि आत पेराएवढी तपकिरी, बारीक केसांची अळी. दिवाळीपर्यंत झाडावरची निम्म्याहून जास्त फळं तशीच गेली.

ही फळ पोखरणारी अळी. फुलपाखराची तपकिरी-जांभळट मादी कळीवर आणि कोवळ्या फळावर एकेक अंडं घालते. आठवडा-दहा दिवसांत अळी निघून फळात शिरते. एक संपलं की दुसऱ्यात जाते. पुढे फळातच किंवा देठापाशी कोष करते. म्हणजे खाली पडलेलं फळ हे पुढच्या पिढीचं घर आहे.

अशा वेळी दुकानात गेलात की टॉनिकची बाटली आणि भारी कीटकनाशक हातात मिळतं. घेऊ नका. अळी आत शिरली की वरच्या फवाऱ्याचा काही उपयोग होत नाही, आणि टॉनिकनं अळी मरत नाही.

शिफारस ५ टक्के निंबोळी अर्काची आहे: ५० ग्रॅम निंबोळी पूड रात्रभर भिजवून गाळा, एक लिटर पाणी करा, चिमूटभर साबणाचा चुरा टाका. फुलं येताना पहिली फवारणी, मग दर १५ दिवसांनी. फळ लिंबाएवढं झालं की जुन्या सुती साडीची पिशवी शिवून बांधा. प्लॅस्टिकची नको, आत घाम धरतो. पावसाची उघडीप पडून दोन-तीन दिवस ऊन आलं की फुलपाखरं जास्त फिरतात असं मला दिसलंय, त्यामुळे मी पिशव्या त्याआधीच बांधतो.

फळावर तेलकट काळे डाग आणि तडे असतील तर तो तेल्या, म्हणजे जिवाणूंमुळे होणारा रोग. पावसाच्या उडत्या थेंबांतून तो पसरतो, आणि इथंही खाली पडलेली डागी फळं-पानंच घात करतात. आधी ती उचला, मग १ टक्का बोर्डो फवारा: १० ग्रॅम मोरचूद आणि १० ग्रॅम चुना अर्ध्या-अर्ध्या लिटर पाण्यात वेगवेगळे विरघळवा, प्लॅस्टिकच्या बादलीत एकत्र करा. लोखंडी सुरी बुडवून बघा. तांबूस थर चढला तर चुना वाढवा. त्याच दिवशी संपवा.

बाकीची कामं:
- आळ्यातलं साचलेलं पाणी चर काढून बाहेर
- बुडाचे फुटवे काढणे
- वाळक्या फांद्यांची छाटणी, प्रत्येक कापानंतर कात्री स्पिरिटनं पुसून
- दोन घमेली कुजलेलं शेणखत
- उघडीप असेल तेव्हा थोडं पण नेमानं पाणी, नाहीतर फळं तडकतात

उचललेली फळं कंपोस्टच्या खड्ड्यात टाकू नका, कुंपणापलीकडेही भिरकावू नका. साबणाच्या पाण्याच्या बादलीत दोन दिवस बुडवून ठेवा, मग हातभर खोल पुरा. शेजारी पेरू, बोर किंवा चिंच असेल तर तिथलं पडलेलं फळही गोळा करा. हीच अळी त्यांच्यातही शिरते. दर तिसऱ्या दिवशी, सकाळच्या चहाआधी, ही फेरी मारा. झाडावर शेवटचं फळ असेपर्यंत.