‘ग्रिल करा’ म्हणजे नक्की काय करायचं?

इंग्रजी रेसिपीत ‘ग्रिल’ दिसलं की मी आधी लिहिणारा कुठला आहे ते बघते. आच वरून द्यायची की खालून, हे त्यावर ठरतं. ब्रिटनमध्ये ग्रिल म्हणजे ओव्हनच्या छताशी असलेली, लाल होणारी कॉइल किंवा गॅसची ज्योत; पदार्थ तिच्या खाली. अमेरिकेत ग्रिल म्हणजे सळयांची जाळी. पदार्थ तिच्यावर आणि विस्तव खाली. ब्रिटिश माणूस ज्याला ग्रिल करणं म्हणतो, त्याला अमेरिकन माणूस ‘ब्रॉइल’ म्हणतो.

एवढ्यावर थांबलं असतं तर बरं होतं. पण अमेरिकेतलं ‘ग्रिल्ड चीज’ सँडविच जाळीच्या जवळपासही फिरकत नाही. ब्रेडला बाहेरून लोणी लावून ते सपाट तव्यावर दोन्हीकडून भाजतात. तिथल्या लहान हॉटेलांतला तो भला मोठा लोखंडी तवाही बोलताना ‘ग्रिल’च होतो. ‘ग्रिल पॅन’ची तर आणखी गंमत. अमेरिकन पुस्तकात तो कंगोरे असलेला तवा असतो, ब्रिटिश पुस्तकात बहुधा वरच्या आचेखाली सरकवायचा, आत जाळी ठेवलेला ट्रे. कंगोऱ्यांच्या तव्याला ब्रिटिश लोक ‘ग्रिडल पॅन’ म्हणतात, आणि अमेरिकेत ग्रिडल म्हणजे सपाट तवा! म्हणून भांड्याच्या नावावर विसंबू नका, फोटो बघा.

लिहिणाऱ्याचा देश कळत नसेल तर मापं वाचा. फॅरनहाइट, कप आणि पौंड असतील तर रेसिपी बहुधा अमेरिकन. ग्रॅम आणि ‘गॅस मार्क’ (गॅस ओव्हनच्या आचेचा आकडा) असेल तर ब्रिटिश. वांग्याला अमेरिकन ‘एग्प्लांट’ म्हटलंय की ब्रिटिश ‘ऑबर्जिन’, यावरूनही कळतं. पण सगळ्यात भरवशाची खूण कृतीतच असते. ‘जाळीला तेल लावा’, ‘झाकण बंद करा’, ‘निखाऱ्यांवर राख धरू द्या’ असं असेल तर विस्तव खाली. ‘रॅक वरच्या खाचेत लावा’, ‘चीज बुडबुडून सोनेरी होईपर्यंत ठेवा’ असं असेल तर आच वर.

आच वरची असेल तर कॉइल पाच-दहा मिनिटं आधी पूर्ण तापवा. चीज वितळवून रंग आणायचा असेल तर पदार्थ कॉइलपासून सात-आठ सेंटिमीटरवर, जाड तुकडा असेल तर दहा-पंधरा सेंटिमीटरवर. दार उघडं ठेवायचं की बंद, हे प्रत्येक ओव्हनचं वेगळं असतं. त्याची पुस्तिका सांगेल तेच खरं. काचेचं भांडं अजिबात नको, ते तडकू शकतं. बेकिंग पेपरही नको, तो पेट घेतो. आणि तिथून हलू नका. सोनेरी आणि काळं यांच्यात मिनिटाचंही अंतर नसतं.

अमेरिकन ग्रिलची रेसिपी आहे आणि हाताशी फक्त ओव्हन आहे, हा प्रसंग बहुतेकांवर येतो. तेव्हा वरचीच कॉइल वापरायची, पण ट्रेवर जाळी ठेवून तिच्यावर पदार्थ मांडायचा, म्हणजे सुटलेलं पाणी खाली जातं आणि तुकडा स्वतःच्या रसात शिजत बसत नाही. मध्ये एकदा उलटायचा. रेसिपीतली वेळ इथे फारशी उपयोगाची नाही, रंग बघायचा. मध किंवा साखर असलेलं मिश्रण शेवटच्या काही मिनिटांतच लावा, आधी लावलं तर करपतं. चिकनचा जाड तुकडा आधी २०० अंश सेल्सिअसला भाजून घ्या आणि रंगापुरताच कॉइलखाली न्या. मधोमध थर्मामीटर खुपसल्यावर ७४ अंश दिसले की झालं. धुराचा वास मात्र मिळणार नाही, कारण तो मुख्यतः निखाऱ्यांवर ठिबकणाऱ्या चरबीचा आणि रसाचा असतो. चिमूटभर स्मोक्ड पॅप्रिका (धुरावलेल्या लाल मिरचीची पूड) टाकून थोडी भरपाई होते. काळ्या रेघांसाठी जीव टाकू नका, त्या दिसायला छान एवढंच.

उलटा प्रकार, म्हणजे ब्रिटिश ग्रिलची चीजवाली रेसिपी निखाऱ्यांवर करणं, मी सुचवणार नाही. झाकण लावलं तर चीज वितळेल, पण वरून खरपूस होईपर्यंत बूड जळालेलं असेल.

मायक्रोवेव्हवरचं ‘ग्रिल’ बटण ब्रिटिश अर्थाचं: वरची कॉइल, पण बहुधा कमी जोराची. त्यामुळे सोबत आलेल्या उंच स्टँडवर पदार्थ ठेवा आणि वेळ जास्त धरा. ‘कॉम्बी’ दाबलंत तर मायक्रोवेव्हच्या लहरीही चालू होतात आणि ब्रेड चिवट होतो. सँडविचसारखं मिटणारं विजेचं ग्रिल मात्र दोन्ही बाजूंनी एकदम तापतं, म्हणून तिथे तव्याच्या साधारण निम्म्या वेळातच झाकण उघडून बघा.