शनिवारची ड्युटी आणि आपली मंडळी : नोकरदार तरुणांसाठी काय करावं, कसं करावं

उपासना संपल्यावर दारात उभं राहून मी एका मुलीला विचारलं, "काय गं, हल्ली दिसत नाहीस?" ती म्हणाली, "ड्युटी असते, मावशी," आणि निघून गेली. त्यानंतर चार महिने ती फिरकली नाही. ती हॉस्पिटलात नर्स होती. त्या दिवशी रात्रपाळी संपवून, न झोपता, दोन बस बदलून ती थेट उपासनेला आली होती. हे मला फार उशिरा कळलं, तेही दुसऱ्याकडून. माझा तो प्रश्न मला अजून सलतो.

आपण सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट ख्रिस्ती शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंत शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा आणि उपासनेचा दिवस, पाळतो. गोव्यात शनिवार म्हणजे हॉटेलात पाहुण्यांची सर्वांत जास्त वर्दळ, दुकानांत गर्दी, कारखान्यांत चालू पाळी. कोल्हापूर, सोलापूर, पुण्याहून नोकरीसाठी आलेली आपली मुलं या ओढाताणीत एकटी पडतात. माझं म्हणणं एवढंच, की शनिवारची सुट्टी मिळवणं हे मंडळीने, म्हणजे आपल्या चर्चने, आपलं काम मानलं, तर बाकीच्या पुष्कळ गोष्टी आपोआप जुळतात. ते मानलं नाही, तर गिटार आणा, प्रोजेक्टर आणा, मुलं येणार नाहीत.

पहिल्यांदा त्यांचा आठवडा लिहून काढा

एक साधी वही घ्या. प्रत्येक तरुणाच्या नावापुढे कामाची वेळ, साप्ताहिक सुट्टी कुठल्या वारी, राहायला कुठे, घरी कसा जातो आणि रोस्टर कोण लावतं, एवढं लिहा. फॉर्म वाटू नका. उपासनेनंतर घाईत विचारू नका. वेर्ण्याच्या कारखान्यातला असेल तर संध्याकाळी बस स्टॉपवर भेटा, पर्वरीला खोली घेऊन राहणारी असेल तर एखाद्या बुधवारी दोघीजणी मिळून जा. दहा-बारा जणांची वही तीन आठवड्यांत भरते. आमची भरल्यावर दिसलं, की ज्यांना आम्ही "थंडावलेले" म्हणत होतो, त्यांतले निम्मे शनिवारी कामावर होते.

मग सुट्टी मागायला त्यांच्या मागे उभे राहा

यात सगळ्यात जास्त वेळ घाला.

मुलाखतीलाच सांगायचं, हा पहिला नियम. नोकरी लागल्यावर तीन महिन्यांनी सांगितलं, तर साहेबाला फसवल्यासारखं वाटतं, आणि त्याचंही चुकत नाही. जे आधीच नोकरीत आहेत त्यांनी अर्ज लेखी द्यावा, आणि पुढच्या महिन्याचं रोस्टर लागण्याच्या आधी द्यावा. हॉटेलवाल्यांनी डिसेंबरात विषय काढूच नये. जून-जुलैत पाऊस लागला, खोल्या रिकाम्या झाल्या, मॅनेजर निवांत झाला, की बोलावं.

मागण्याआधी देऊ करावं. गोव्यात याला उत्तम वाव आहे. कॅथलिक सहकाऱ्यांना रविवारी सकाळी मिसला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, जायचं असतं, हिंदू सहकाऱ्यांना चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, घर गाठायचं असतं. आमच्या एका मुलीने वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टरना सांगितलं, "वर्षभर तुमचे रविवार मी करते. चवथीचे दिवस करते, नाताळचा दिवसही करते. माझा शनिवार तेवढा मला द्या." सिस्टरनी रोस्टरचा कागद पुढे ओढला आणि पेन्सिलीने खुणा करायला घेतल्या. वाद झालाच नाही.

बायबलमधल्या दानीएलानेही बाबेलात हेच केलं होतं. राजाचं अन्न नको म्हणून तो भांडला नाही, त्याने कारभाऱ्याला दहा दिवस पारखून पाहायला सांगितलं. तसंच साहेबाला म्हणावं, "तीन महिने करून पाहा. काम अडलं तर पुन्हा बोलू." बँकेतल्यांचं निम्मं काम झालेलंच असतं. दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टीचाच, त्यामुळे बोलणी पहिल्या, तिसऱ्या आणि क्वचित येणाऱ्या पाचव्या शनिवारची.

मंडळीने दोन गोष्टी तयार ठेवाव्यात. एक, पाळकांच्या सहीचं पत्र : अमुक व्यक्ती आमची सभासद आहे, शब्बाथ अमुक वेळेपासून अमुक वेळेपर्यंत असतो, त्याबदल्यात ती रविवारी व सणावारी काम करायला तयार आहे. तीन-चार ओळी पुरे, त्यात उपदेश नको. दुसरी, थोडी शिल्लक. शब्बाथासाठी कुणाची नोकरी गेली, तर निदान दोन महिन्यांचं खोलीभाडं मंडळीने भरावं. सुट्टी माग म्हणायचं आणि नोकरी गेल्यावर "प्रार्थना करतो" एवढंच म्हणायचं, हे मला पटत नाही.

आणि जी नर्स किंवा डॉक्टर शनिवारी आजाऱ्यांची सेवा करते, तिला अपराधी वाटेल असं कुणी बोलू नये. येशूने शब्बाथ दिवशी रोग्यांना बरं केलं, हे आपणच शब्बाथ शाळेत, म्हणजे शनिवारच्या बायबल वर्गात, शिकवतो.

शुक्रवारची संध्याकाळ त्यांच्या जवळ न्या

गोव्यात नोव्हेंबरात सूर्य सहाच्या सुमारास बुडतो, जुलैत सात वाजून गेल्यावर. साडेपाचला सुटणारी मुलगी नोव्हेंबरात सूर्यास्ताला बसमध्येच असते. म्हणून "सहाला चर्चमध्ये जमा" असा हुकूम सोडू नका. पर्वरी, मडगाव, वास्को, जिथे तीन-चार जण राहतात तिथे एखाद्या घरी साडेसातला जमा.

आमच्याकडे एक वहिनी दुपारीच पातळ भाजी करून झाकून ठेवतात. पोदेराकडची (पाववाल्याकडची) पोई, म्हणजे गोव्याचा पाव, सूर्यास्ताआधीच आणून ठेवलेली असते, सोलकढी असते. आधी जेवण, मग एक गीत, एक वचन, आणि प्रत्येकाने आठवड्यातली एक अडचण सांगायची. भाड्याच्या खोलीत एकट्या राहणाऱ्या मुलाला घरचं ताट मिळतं, तिथे तो बोलता होतो. वडीलधाऱ्यांनी इथे ऐकावं, सल्ला मागितला तरच द्यावा. नऊला उठायचं, कारण काहींना पहाटेची पाळी असते.

शब्बाथ शाळेच्या धड्यात त्यांची नोकरी येऊ द्या

तिमाहीत तेरा धडे असतात. निदान तीन वेळा शेवटची पंधरा मिनिटं त्यांच्या प्रश्नाला द्या, आणि प्रश्न त्यांच्याकडूनच घ्या. आपण दारू पीत नाही, पण रेस्टॉरंटमध्ये ती टेबलावर नेऊन ठेवायची का? कॅसिनोत हिशेब लिहायची नोकरी घ्यावी का? घराचा हप्ता चालू असताना दशांश, म्हणजे कमाईचा देवाला द्यायचा दहावा भाग, कसा काढावा? आमच्या वर्गात पहिल्या प्रश्नावर दोन शनिवार चर्चा झाली आणि सगळ्यांचं एकमत झालं नाही. मला त्यात वावगं वाटत नाही. पुढच्या शनिवारी वर्गात खुर्च्या कमी पडल्या.

काम द्या, आणि कामाबरोबर अधिकारही

तरुणांना आपण माईक लावायला, खुर्च्या मांडायला बोलावतो आणि निर्णय मात्र मंडळीच्या बोर्डात (कार्यकारिणीत) आपणच घेतो. पदाधिकाऱ्यांची नावं सुचवणारी नामनिर्देशन समिती बसेल तेव्हा पस्तिशीच्या आतले निदान दोघे बोर्डावर घ्या. अकाउंटंट असेल त्याला खजिनदाराचा सहायक करा, नर्सला आरोग्य विभाग द्या. तिमाहीला पाच हजार रुपये त्यांच्या हाती द्या, हिशेब शेवटी मागा, मध्ये विचारू नका. बोर्डाची बैठकही त्यांच्या पाळ्या पाहून ठेवा.

"अजून लहान आहेत," असं कुणी म्हटलं तर आपलाच इतिहास सांगा. 1879 मध्ये अमेरिकेत मिशिगनमधल्या हॅझल्टन इथे आपल्या मंडळीतला पहिला युवक संघ दोन मुलांनी सुरू केला. ल्यूथर वॉरन 14 वर्षांचा होता, हॅरी फेनर 17 वर्षांचा. आपल्या पंथाच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या एलन व्हाइट यांना 1844 मध्ये पहिला दृष्टांत झाला तेव्हा त्याही 17 वर्षांच्या होत्या. आपल्याकडे पगार मिळवणारी, घर चालवणारी माणसं आहेत.

गाण्यांच्या चाली, कपडे, मोबाइलवर बायबल वाचणं यावरचे वाद वर्षभर बाजूला ठेवा. व्हॉट्सॲपवर चारचौघांत कुणाला "का आला नाहीस" असं विचारू नका.

दर तीन महिन्यांनी वही पुन्हा उघडा. पाळ्या बदलतात, खोल्या बदलतात, कुणी मोपाच्या विमानतळावर लागतं, कुणी गोवा सोडतं. ती नर्स आता महिन्यातले तीन शनिवार येते. चौथ्या शनिवारी ती वॉर्डात असते, आणि दुपारी तिचा डबा घेऊन जायची पाळी कुणाची, हे आमच्या वहीत लिहिलेलं असतं.