ऑनलाइन माइंडफुलनेस: बॉडी स्कॅनमध्ये झोप लागते तेव्हा

माइंडफुलनेस म्हणजे या क्षणी जे घडतंय त्याकडे सजगपणे लक्ष देण्याचा सराव. तो शिकवणारा, अमेरिकेतील जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये सुरू केलेला कार्यक्रम आता ८ आठवड्यांचा असतो. घरचा सराव रोज साधारण ४५ मिनिटे, आठवड्यातून ६ दिवस. ऑनलाइन शिकताना गाडी अडते ती बहुधा याच घरच्या सरावात.

बॉडी स्कॅन म्हणजे शरीराच्या एकेका भागाकडे क्रमाने लक्ष नेणं. तो रात्री पलंगावर पडून केला की डोळा लागणारच, कारण शरीराला ती जागा आणि ती वेळ झोपेचीच माहीत असते. जमिनीवर चटई घाला, सकाळची वेळ धरा, डोळे अर्धवट उघडे ठेवा. तरीही डुलकी येत असेल तर एक हात कोपरातून उभा धरा; पेंग आली की तो कलतो आणि जाग येते. नाहीच जमलं तर खुर्चीत बसा. मुळात झोपच अपुरी असेल तर आधी ती पूर्ण करा, बाकीचे उपाय नंतर.

सरावाच्या सूचनांचा ऑडिओ आधीच डाउनलोड करून फोन फ्लाइट मोडवर टाका. थेट सत्रात पडद्यावर स्वतःचाच चेहरा दिसत राहिला तर लक्ष तिकडे जातं, तो लपवा.

श्वासाकडे लक्ष दिल्यावर धाप लागल्यासारखं वाटलं तर लक्ष तळपायांवर न्या. जुन्या आघाताच्या आठवणी उसळल्या तर डोळे उघडा, सराव थांबवा आणि शिक्षकांना त्याच दिवशी कळवा. रेकॉर्डिंगला तुमची अवस्था दिसत नाही.