हरभरे, शेंगदाणे, मोहरी: अणू मांडून पाहायची रीत

नारायण पेठेत आमच्याकडे संध्याकाळी आठवी-नववीची मुलं विज्ञान शिकायला येतात. अणूचा धडा आला की मी पुस्तकं मिटायला लावते आणि स्वयंपाकघरातून तीन डबे आणते. हरभरे, शेंगदाणे आणि मोहरी. घरी करून पाहायचं असेल तर हेच घ्या. जोडीला एक वाटी, खडू आणि हातभर दोरा. पंखा मात्र बंद ठेवा, मोहरी उडते.

बसण्याआधी शब्दांचा एक घोळ निस्तरून घ्या. हल्ली मुलं हिंदी व्हिडिओ बघून येतात. त्या व्हिडिओंतला ‘अणु’ म्हणजे आपला रेणू, आणि आपल्या अणूला ते ‘परमाणु’ म्हणतात. एका मुलाने परीक्षेत ‘पाण्याच्या अणूत दोन हायड्रोजन, एक ऑक्सिजन’ असं लिहिलं आणि मार्क घालवला. पाठांतर चोख होतं बिचाऱ्याचं, फक्त भाषा वेगळी. मराठीत अणू एकटा, आणि अणू जोडले गेले की रेणू. एवढं पक्कं करा.

आता सोडियम मांडू. मी सुरुवात हायड्रोजनपासून करत नाही. त्यात एक हरभरा आणि एक मोहरी, मांडायला काही उरतच नाही. सोडियमसाठी दोन आकडे हवेत: अणुअंक ११ आणि अणुवस्तुमानांक २३. चिन्हाच्या डावीकडे खाली लिहितात तो अणुअंक, वर लिहितात तो अणुवस्तुमानांक. हरभरा म्हणजे प्रोटॉन, धनप्रभारित. दाणा म्हणजे न्यूट्रॉन, त्याला प्रभार नाही. दोघांचं वस्तुमान जवळजवळ सारखं. मोहरी म्हणजे ऋणप्रभारित इलेक्ट्रॉन. ती खरं तर इथे जडच होते, कारण १८३६ इलेक्ट्रॉन एकत्र केले तेव्हा कुठे एका प्रोटॉनइतकं वस्तुमान भरतं. पण मोहरीहून बारीक काही घेतलं तर वेचत बसावं लागेल.

वाटीत ११ हरभरे टाका. दाणे किती? इथे निम्मी मुलं २३ मोजून मोकळी होतात. २३ ही हरभरे आणि दाणे मिळून बेरीज आहे, म्हणून दाणे २३ वजा ११, म्हणजे १२. ही वाटी म्हणजे अणुकेंद्रक. मोहऱ्या ११, हरभऱ्यांइतक्याच, कारण अख्खा अणू उदासीन असतो, म्हणजे धन आणि ऋण प्रभार सारखेच. अणू कोणत्या मूलद्रव्याचा हे हरभऱ्यांवरूनच ठरतं. वाटीत बारावा हरभरा पडला की सोडियम संपला, मॅग्नेशियम झाला.

वाटी फरशीवर मध्ये ठेवा. दोऱ्याचं एक टोक वाटीपाशी अंगठ्याखाली दाबा, दुसऱ्या टोकाला खडू बांधा आणि एकाबाहेर एक तीन वर्तुळं काढा. ही कवचं: के, एल, एम. कितव्या कवचात जास्तीत जास्त किती इलेक्ट्रॉन मावतात ते काढायला कवचाच्या क्रमांकाचा वर्ग करून दुप्पट करा: २, ८, १८, ३२. मोहऱ्या आतून भरत या. के-मध्ये दोन, एल-मध्ये आठ, आणि उरलेली एक एम-मध्ये. वहीत हेच २, ८, १ असं लिहितात. त्याला म्हणायचं इलेक्ट्रॉन संरूपण.

मागच्या बॅचला शेजारच्या फरशीवर दोघींनी क्लोरीन मांडला होता: १७ हरभरे, १८ दाणे, मोहऱ्या २, ८, ७. सोडियमवाल्याने बराच वेळ स्वतःच्या त्या एकट्या मोहरीकडे बघितलं आणि विचारलं, “काकू, ही देऊन टाकली तर यांचे आठ होतील ना?” मी म्हटलं, दे, बाहेरच्या कवचात आठ झाले की अणू निवांत. त्याने बोटाने मोहरी सरकवत त्यांच्या वर्तुळावर नेली. मग मी त्याला त्याचे हरभरे आणि मोहऱ्या पुन्हा मोजायला लावल्या. हरभरे ११, मोहऱ्या १०. म्हणजे एक धन प्रभार जास्त. मुलींकडे हरभरे १७, मोहऱ्या १८, एक ऋण प्रभार जास्त. धन आणि ऋण एकमेकांना धरून बसले, झालं मीठ. संयुजेचा, म्हणजे कोण किती इलेक्ट्रॉन देतो-घेतो त्याचा, धडा दोन आठवड्यांनी होता, पण त्या तिघांना तो वेगळा शिकवावा लागला नाही. वाटीला मात्र कुणी हात लावला नव्हता, हे आवर्जून दाखवा. असल्या देवघेवीत केंद्रकातलं काही हलत नाही.

कॅल्शियमपाशी सावध. अणुअंक २०. नववीत मी स्वतः २, ८, १० लिहिलं होतं आणि ‘एममध्ये १८ मावतात ना’ म्हणून बाईंशी वादही घातला होता. मावतात, पण एम सगळ्यात बाहेरचं कवच असेतोवर नाही. बाहेरच्या कवचात आठाच्या वर इलेक्ट्रॉन राहत नाहीत. म्हणून चौथं कवच काढायचं: २, ८, ८, २. एकविसाव्या मूलद्रव्यापासून आतलं एम पुन्हा भरायला लागतं, तेव्हा या रीतीने विसापर्यंतच जा.

आता हे चित्र किती खोटं आहे तेही सांगायला हवं, आणि पुस्तकात नेमकं हेच घाईत उरकलेलं असतं. अणूचा व्यास केंद्रकाच्या ढोबळमानाने लाखपट. समजा केंद्रक एका हरभऱ्याएवढं, एक सेंटिमीटरचं. तो हरभरा मंडईच्या मधोमध ठेवला तर अणूचा काठ अर्ध्या किलोमीटरवर, म्हणजे दगडूशेठचं देऊळ ओलांडून शनिवारवाड्याच्या वाटेवर कुठेतरी येईल. मधल्या सगळ्या गल्ल्यांत मोजके इलेक्ट्रॉन, बाकी रिकामं. आणि जवळजवळ सगळं वस्तुमान त्या हरभऱ्यात. म्हणून वाटीपासून वितीवर वर्तुळ काढलं की मी मुलांना म्हणते, ही फक्त मोजणीची सोय आहे, नकाशा नाही. इलेक्ट्रॉन या रेषांवरून ग्रहांसारखे फिरतही नाहीत. तो ढगासारखा प्रकार अकरावीत भेटेल.

हे रिकामपण कळलं कसं? १८९७ मध्ये थॉमसन यांनी इलेक्ट्रॉन शोधला. पुढे त्यांनी मांडलेला अणू आपल्या तिळाच्या लाडवासारखा होता: धनप्रभाराचा गूळ आणि त्यात रुतलेले इलेक्ट्रॉनचे तीळ. मग रुदरफोर्ड यांच्या प्रयोगशाळेत गायगर आणि मार्सडेन यांनी सोन्याच्या अतिपातळ पत्र्यावर धनप्रभारित अल्फा कण सोडले. बहुतेक आरपार गेले, काही थोडे वळले, आणि अगदी मोजके चक्क उलटे फिरले. लाडवातून कुणी उलटं फिरत नाही. आत कुठेतरी इवल्याशा जागेत सगळा धनप्रभार दाटून बसलेला असला पाहिजे, हा निष्कर्ष रुदरफोर्ड यांनी १९११ मध्ये मांडला. न्यूट्रॉन सापडायला १९३२ उजाडलं, चॅडविक यांच्या हातून. प्रभारच नाही, तर विजेच्या किंवा चुंबकाच्या ओढीने तो वळणार कसा आणि दिसणार कसा!

कवचांना ठराविक ऊर्जा असते हे बोर यांनी १९१३ मध्ये सांगितलं. त्याचा पुरावा तुमच्या ओट्यावर आहे. मीठ घातलेली आमटी उतू गेली की गॅसची निळी ज्योत भप्पकन पिवळी होते. मिठातल्या सोडियमचा तोच शेवटचा इलेक्ट्रॉन उष्णतेने वरच्या पातळीवर जातो, आणि खाली येताना पिवळा प्रकाश टाकतो. लेकराला ओट्यापाशी एकटं सोडू नका, चिमूटभर मीठ मोठ्यांनीच टाका.

समस्थानिक म्हणजे हरभरे तेवढेच, दाणे वेगळे. त्यांच्यासाठी नवं काही मांडावं लागत नाही. क्लोरीनच्या वाटीत आणखी दोन दाणे टाका. हरभरे १७च, म्हणून क्लोरीनच, पण वस्तुमानांक ३७. निसर्गात चारांतले साधारण तीन ३५चे आणि एक ३७चा, म्हणून मूलद्रव्यांच्या तक्त्यात ३५.५ असा अर्धवट आकडा दिसतो. अर्धा दाणा कुठे असतो, हा प्रश्न दरवर्षी येतो. कुठेच नसतो, ती सरासरी आहे. कार्बनमध्ये सहा हरभऱ्यांबरोबर सहाऐवजी आठ दाणे असले की कार्बन-१४. तो हळूहळू विघटन पावतो, ५७३० वर्षांत निम्मा उरतो. डेक्कन कॉलेजच्या लोकांनी शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव खणलं, तिथल्या ताम्रपाषाणयुगीन वस्तीचा काळ ठरवायला हाच कार्बन कामी आला.

आता स्वतः मांडा: मॅग्नेशियम (१२, २४), फॉस्फरस (१५, ३१), पोटॅशियम (१९, ३९). दाणे अनुक्रमे १२, १६, २० आले पाहिजेत. पोटॅशियमची शेवटची मोहरी चौथ्या वर्तुळावर गेली नसेल तर वरचं कॅल्शियमचं पुन्हा वाचा.