वाऱ्यावर पाणी चढणारं पोलाद

आज्जा लोहार. विळा लाल करून टबात बुडवला की चर्र आवाज यायचा, त्याला तो 'पाणी देणं' म्हणायचा. मी सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीत पंच-डाय, म्हणजे पत्रा कापायची-वाकवायची हत्यारं बनवतो. त्याला लागणाऱ्या ए-टू या टूल पोलादाला पाणी द्यायला टब लागत नाही, तेलही नाही. भट्टीतून काढायचं आणि वाऱ्यावर टांगायचं. आज्ज्याला हे पटलं नसतं.

ए-टूत कार्बन साधारण १ टक्का, क्रोम ५ आणि मॉलिब्डेनम १. या दोघांमुळे पोलाद सावकाश थंड झालं तरी कडक होतं. तेलाचा झटका बसत नाही म्हणून वाकतही कमी. ओएचएनएसची, म्हणजे तेलात कडक होणाऱ्या पोलादाची लांब पट्टी तेलात टाकली की तिचं केळं होतं, हे ज्यानं भोगलंय त्याला फरक सांगायला नको. डी-टू हे दुसरं टूल पोलाद याहून कमी झिजतं, पण त्याची धार लवकर टवकते. ए-टू तिथं दम धरतं. ब्लँकिंगचे (पत्र्यातून तुकडा कापायचे) पंच, फॉर्मिंग (आकार द्यायचे) डाय, मापाचे गेज यांना मी हेच घेतो. क्रोम आहे म्हणून गंजणार नाही असं समजू नका. पावसाळ्यात तेलाचा हात फिरवूनच ठेवा.

रफ मशीनिंगनंतर ६५० अंशांना तापवून आतला ताण (स्ट्रेस) काढून घ्या. कडक होताना माल १०० मिमीला ०.१ मिमीच्या आसपास वाढतो, म्हणून शेवटच्या ग्राइंडिंगला (घासून मापात आणायला) ०.३ मिमी जादा ठेवा. आतले कोपरे गोल करा. जॉब स्टेनलेस फॉइलमध्ये गुंडाळा, आत कागदाचा कपटा टाका. तो जळून आतली हवा खातो, नाहीतर वरचा थर मऊ पडतो. आधी ७०० ला सगळीकडून सारखा तापू द्या, मग ९५५ ला न्या. २५ मिमी जाडीला तिथं अर्धा-पाऊण तास पुरे. 'जरा जास्त तापवू, जास्त कडक होईल' हा मोह नको. उलट मऊ निघतो. बाहेर काढल्यावर गार फरशीवर ठेवू नका, तारेला टांगा.

हाताला सोसेल इतका, म्हणजे ५०-६० अंशांवर आला की लगेच टेम्परिंगला, म्हणजे ठिसूळपणा घालवायला ओव्हनमध्ये कमी आचेवर पुन्हा तापवायला. इथं मी मार खाल्लाय. एका शनिवारी लाईट गेली, ओव्हन गार. 'सोमवारी बघू' म्हणून घरी गेलो. सोमवारी चावीच्या खाचेच्या कोपऱ्यातून आरपार भेग! चार दिवसांचं काम भंगारात. तेव्हापासून ओव्हन २०० ला आल्याशिवाय भट्टी लावत नाही.

२०० अंशांना दोन तास, पूर्ण गार, पुन्हा दोन तास. कडकपणा रॉकवेल मापात ६०-६१ मिळतो. जाड पत्र्याचा पंच असेल तर २६० ला न्या; दोनेक पॉइंट उतरतात, पण टोक मोडत नाही. ग्राइंडिंगला मऊ व्हील, भरपूर कूलंट आणि हलका कट. जॉबवर निळसर डाग दिसला तर थांबा, व्हील ड्रेस करा, म्हणजे त्याचा बोथट थर खरवडून काढा.